शोध आणि साक्ष

प्रश्नोपनिषदाचा आरंभ वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. सहा जिज्ञासू हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींच्या आश्रमी गेले. त्यांत भरद्वाजकुळातला सुकेशा होता, कोसलातला आश्वलायन होता, विदर्भातला भार्गवही होता. ऋषींनी त्यांस तत्काळ उत्तरे दिली नाहीत. वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह आश्रमात राहण्यास सांगितले. त्यानंतर हवे ते विचारावे, आणि आपणांस माहीत असल्यास आपण सर्व काही सांगू, असे आश्वासन दिले. माहीत असल्यासच सांगेन, ही अट एवढ्या थोर ऋषीने स्वतःवर घालून घेतली, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

सर्वांत शेवटी सुकेशाची पाळी आली. त्याने आधी एक जुनी हकीकत सांगितली. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ एकदा त्याच्याकडे आला होता आणि त्याने षोडशकल पुरुषाविषयी विचारले होते. सुकेशाने आपले अज्ञान कबूल केले; माहीत असते तर सांगितले नसते काय, असे विचारले; आणि जो असत्य बोलतो तो मुळासकट वाळून जातो, म्हणून आपणांस खोटे बोलवत नाही, असेही सांगितले. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. उत्तर न मिळालेला एक प्रश्न उपनिषदाने जतन करून ठेवला, आणि तो न देणाऱ्यास कमीपणा आणला नाही.

ही कथा आम्हांस आज आठवण्याचे कारण निराळे आहे. आजच्या विद्यार्थ्यास उत्तरासाठी वर्षभर थांबावे लागत नाही, समिधाही न्याव्या लागत नाहीत. खिशातला फोन काढला की क्षणार्धात उत्तरांची रास पुढे पडते. शाळांनीही हे साधन जवळ केले आहे. इंटरनेटवर शोध घेऊन प्रकल्प करण्याची पद्धत आता शहरांपुरती राहिलेली नाही. ती बरी की वाईट, हा वाद आम्हांस करावयाचा नाही. तो काळ मागे पडला. आमचा प्रश्न नीतीचा आहे. मुलाने शोधून आणलेल्या उत्तरास जबाबदार कोण?

या पद्धतीचा इतिहास थोडा पाहू. अमेरिकेतील सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज आणि त्यांचे सहकारी टॉम मार्च यांनी १९९५ साली तिला एक नियमित आकार दिला आणि वेबक्वेस्ट हे नाव ठेवले. शिक्षकाने एक खरा प्रश्न मांडावयाचा, मुलांचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटास एकेक भूमिका द्यावयाची, आणि कोणती पाने वाचावयाची हे बहुतांशी शिक्षकानेच आधी निवडून ठेवावयाचे. मुलांचा वेळ माहिती हुडकण्यात न जाता तिचा विचार करण्यात जावा, हा त्यातला मुख्य हेतू.

याच्या अगदी उलट वाट आपल्याकडे सुगत मित्र यांनी धरली. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीला भोक पाडून त्यांनी तेथे संगणक बसवला आणि वस्तीतल्या मुलांस कोणी न शिकवता तो वापरू दिला. पुढे असे प्रयोग आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही झाले. मुले एकमेकांच्या साहाय्याने पुष्कळ शिकतात, शिक्षकाने बाजूस उभे राहावे, हा त्यांचा आग्रह. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तिसरी वाट दाखवली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. पुस्तकातले ते चिन्ह फोनने टिपले की शिक्षकाने निवडलेला पाठ उघडतो. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

एकाने विहीर दाखवून पोहरा हाती दिला, दुसऱ्याने मुलांस रानात सोडून दिले, तिसऱ्याने पाणी पुस्तकाशी आणून ठेवले. तिन्ही वाटांनी मुले काही ना काही शिकली, यात संशय नाही. परंतु आणलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे सांगण्याची जोखीम कोणाकडे, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी उरतोच. आम्हांस तो एका लहान गावी स्पष्ट दिसला.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे भीमपूर, पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा कागदावर आखली गेली, भाषा मात्र तिच्यापाशी थांबली नाही. भीमपुराकडच्या पुष्कळ घरांत आजही मराठी बोलली जाते. बाजारात तेलुगू चालते, रानाकडेच्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी ऐकू येते. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, आणि तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याने त्यांत तेलुगूही आवश्यक झाली आहे. घरी कोकणी, देवळात मराठी आणि शाळेत कन्नड शिकून मोठ्या झालेल्या कारवारकडील आमच्या वाचकांस ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

गेल्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी चालू असताना, एका जमिनीच्या दाव्याच्या निमित्ताने आम्हांस तिकडे जावे लागले. मुक्कामी एका शिक्षकांची गाठ पडली. त्यांनी आपल्या वर्गास एक प्रकल्प दिला होता: वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या शिवारात का येतो? हा प्रश्न त्या मुलांस पुस्तकी नव्हता. कापूस वेचावयास आई एकटी जावी की नाही, गुरे संध्याकाळी किती वाजता घरी आणावीत, याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून होता. शिक्षकांनी वनखात्याची काही पाने, नकाशे, आणि मराठी व तेलुगू वृत्तपत्रांतील बातम्या निवडून दिल्या होत्या. शाळेत एकच संगणक, तोही वीज असेल तेव्हा चालणारा; बाकीचे काम पालकांच्या फोनवर.

मुलांच्या वह्या आम्ही चाळल्या आणि संतोष पावलो. नदीपलीकडचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, हे त्यांनी लिहिले होते. नर वाघ वयात आला की आईचे क्षेत्र सोडून स्वतःचे क्षेत्र शोधू लागतो, आणि लहान अभयारण्यात सर्वांस जागा पुरत नाही, हेही लिहिले होते. २०१९ साली टिपेश्वरात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. तो जूनमध्ये निघाला आणि आदिलाबाद जिल्ह्यातून व पुढे महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांतून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून, त्या वर्षाअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ही हकीकत एका गटाने नकाशावर रेघ ओढून दाखवली होती. वाघ वैरी म्हणून आलेला नाही, बिऱ्हाड शोधत आलेला आहे, हे मुलांस आपण होऊन कळले. हे ज्ञान भीती नाहीशी करीत नाही, परंतु भीतीला शहाणपण देते.

त्याच वह्यांत दोन गोष्टी अशा आढळल्या की ज्यांनी आम्हांस हा लेख लिहावयास लावले.

पहिली गोष्ट हास्यास्पद वाटेल. एका मुलाने आरंभी आपल्या गावाची माहिती मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. पण ती मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यातल्या भीमपूरची होती. नाव तेच, म्हणून गाव तेच असे त्याने धरले. दुसऱ्याने मंडळाची लोकसंख्या शोधण्याची खटपट केली होती. भीमपूर मंडळ २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेत तामसी मंडळातून वेगळे झाले, आणि मुलाने पाहिलेले जनगणनेचे कोष्टक २०११ चे. त्यात भीमपूर नावाचे मंडळ असणारच कसे? तरीही कोठल्याशा पानावरचा एक आकडा त्याने उतरून घेतला होता. जेथे तो मुलगा जन्मला, जेथले रस्ते त्याच्या पायांखालचे, तेथली माहिती त्याने परक्याकडून घेतली, आणि परक्याने दुसऱ्याच गावची दिली! शेजारच्या पिप्पलकोटीस किंवा करंजीस जाऊन एखाद्या वृद्धास विचारले असते तर ही चूक घडली नसती.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. एका मुलीने शेवटच्या पानावर लिहिले होते की, वाघ आपल्याकडे नव्याने आलेला नाही, तो परत आला आहे. पूर्वी या रानात वाघ होते, असे आजोबा सांगतात. खाली तिने प्रांजळपणे नोंदवले होते की हे आपणांस इंटरनेटवर कोठे सापडले नाही. शिक्षक पेचात पडले होते. गुण देण्याचा जो तक्ता त्यांच्यापुढे होता त्यात माहितीचा आधार लिहिण्यास रकाना होता, पण त्या रकान्यात आजोबा बसत नव्हते. त्यांनी आम्हांस विचारले, "वकीलसाहेब, तुमच्या कोर्टात हे चालेल काय?"

आम्ही जे उत्तर दिले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो. न्यायालयात साक्षीदाराचे वय, शिक्षण वा मान पाहून सत्य ठरत नाही. त्याने स्वतः काय पाहिले आणि दुसऱ्याकडून काय ऐकले, हे आधी वेगळे केले जाते. पाहिलेले सांगितले तर ती साक्ष. ऐकलेले सांगितले तर तो ऐकीव पुरावा, आणि तो सहसा ग्राह्य धरला जात नाही. त्यानंतर उलटतपासणी होते. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर शब्द हेही प्रमाण मानले, परंतु तो शब्द आप्ताचा असला पाहिजे, ही मर्यादा घातली. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे ज्ञान आणि प्रामाणिकपणा ही दोन्ही हवीत. यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या शब्दामागे कोण उभा आहे, त्याने ते पाहिले काय, खरे सांगण्याची त्याची इच्छा आहे काय, यांपैकी काहीच मुलास दिसत नाही. आजोबा मात्र ओसरीवर बसलेले आहेत. त्यांस विचारता येते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवले की, मुलीने घरी जाऊन आजोबांस एक प्रश्न करावा: तुम्ही स्वतः वाघ पाहिला होता काय? दुसऱ्या दिवशी तिने उत्तर आणले. आजोबांनी वाघ पाहिलेला नव्हता. त्यांच्या वडिलांनी पाहिला होता. आजोबांनी गुरे चारताना नाल्याच्या ओल्या वाळूत पावले तेवढी पाहिली होती. मुलीने जुने वाक्य खोडून ही गोष्ट जशीच्या तशी लिहिली. आम्हांस त्या क्षणी सुकेशा आठवला. नातीसमोर मोठेपणा मिरवण्याची संधी असूनही ज्याने आपल्या ज्ञानाची हद्द सांगितली, तो भीमपूरचा गुराखी आप्तच होय. आणि जिने खोडून पुन्हा लिहिले, तिने त्या प्रकल्पातला सर्वांत मोठा धडा शिकून घेतला होता. शिक्षकांनी तिला गुण दिले, आणि तक्त्यात हाताने एक नवा रकाना आखला.

येथे कोणी म्हणेल, न्यायालयाचे कडक नियम पोरांच्या वहीस कशाला? आमचे म्हणणे असे की, त्या नियमांचा कडकपणा सोडावा, त्यांतला न्याय घ्यावा. संगणकातल्या नोंदी पुराव्यात कशा घ्याव्यात, याचा खल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात केला. जालन्याच्या निवडणुकीवरून तो वाद निघाला होता. नोंदीची नक्कल हजर करावयाची तर ती कोठून व कशी निघाली याचे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने ठरवले. परंतु यंत्राचा मालक मूळ यंत्र घेऊन स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही प्रमाणपत्राची ही अट कायम ठेवली आहे. कायद्याचा भाव साधा आहे. यंत्र शपथ घेऊ शकत नाही. म्हणून कोणा माणसाने त्याच्यासाठी उभे राहिले पाहिजे.

आमच्याच व्यवसायातले एक लाजिरवाणे उदाहरण सांगतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी लोकांसाठी खुले झाले. प्रश्न विचारला की हे यंत्र सफाईदार भाषेत उत्तर रचून देते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी त्याच्याकडून मिळालेले जुने निवाडे आपल्या युक्तिवादात दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते; यंत्राने ते रचले होते. न्यायालयाने त्या वकिलांस व त्यांच्या संस्थेस पाच हजार डॉलर दंड केला. साधन वापरल्याबद्दल हा दंड नव्हता. आपण दाखल केले त्याची शहानिशा केली नाही, आणि शंका घेतली गेल्यावरही त्यास चिकटून राहिले, हा त्यांचा दोष. आम्हांस ठाऊक नाही, तपासून सांगतो, एवढे एक वाक्य वेळीच उच्चारले असते तर त्यांची अब्रू वाचली असती. पदवीधर वकिलांची ही गत, तर तेरा वर्षांच्या मुलास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

देवस्थानांशी निगडित अशा आमच्या वाचकांच्या मनात याहून निराळी शंका येईल, हे आम्ही जाणतो. मुलांस प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागण्याची सवय लावली, तर ती उद्या देव्हाऱ्यापुढे उभी राहून पुरावा मागतील, मग श्रद्धेचे काय? ही शंका टाकाऊ नाही. परंतु पिप्पलादांनी त्या सहा जणांकडून प्रश्नांच्या आधी श्रद्धाच मागितली होती, आणि नंतर प्रश्न विचारण्यास मोकळीक दिली होती. श्रद्धा म्हणजे उत्तर आधीच हाती असणे नव्हे. उत्तर मिळेपर्यंत प्रश्नापाशी निष्ठेने बसून राहण्याचे जे बळ, ते श्रद्धेचे. ज्यास हे बळ नाही तोच पहिले सापडलेले उत्तर उचलून पळतो; मग ते फोनवरचे असो वा पोथीतले.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. आपल्या मुलांस असा प्रकल्प द्यावा: मंगेश कुशस्थळी सोडून नदीपलीकडे प्रियोळास का आला? १५६० साली भक्तांनी मूर्ती पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर नेली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या प्रश्नास साक्षीदार तीन प्रकारचे आहेत. एक, घरोघरची परंपरा. दुसरा, सह्याद्रिखंडासारखा ग्रंथ, ज्याची आवृत्ती १८७७ साली मुंबईस जर्सन द कुन्या या गोमंतकीय ख्रिस्ती विद्वानाने छापली. तिसरा, खुद्द पोर्तुगीजांचे दप्तर. ज्यांनी देवळे मोडली त्यांनीच देवळांच्या जमिनींची नोंद ठेवली, आणि वैऱ्याच्या हातची ती नोंद आज आपल्या पूर्वजांची साक्ष देते. तिघांचाही काही ना काही पक्ष आहे. मुलाने तिघांचे ऐकावे, प्रत्येकास काय ठाऊक असणे शक्य होते ते विचारावे, आणि जेथे तिघेही गप्प आहेत तेथे आपणही गप्प राहावे. असे केल्याने मंगेशावरची भक्ती उणी होईल असे आम्हांस वाटत नाही. अंधाऱ्या रात्री देव घेऊन होडीत बसलेली माणसे त्यास अधिक जवळची वाटतील, आणि त्यांच्याविषयी आपणांस किती थोडे ठाऊक आहे याची रुखरुखही लागेल.

या रुखरुखीतून आपल्यावरही एक कर्तव्य येते. मुलांस शोधावयास पाठवावयाचे, तर तेथे आपल्या भाषेत काही सापडले पाहिजे. मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर वाचता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, गोव्याच्या कोकणीचा २०१५ पासून. तरीही गावोगावची माहिती तुटपुंजी, आणि आहे तीही पुष्कळदा कोणीतरी दुरून लिहिलेली. भीमपूरच्या मुलास बैतूलचे भीमपूर सापडले यात यंत्राचा जेवढा दोष, तेवढाच आपणा शिकलेल्यांचाही आहे. जाणत्यांनी साक्ष दिली नाही, तर न जाणणाऱ्यांचीच साक्ष नोंदली जाते; हा न्यायालयातला रोजचा अनुभव आहे. आपल्या देवस्थानांच्या वाचनालयांत, मुलांच्या सुट्टीतील वर्गांत, वृद्धांचे सांगणे नीट विचारून, पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे असे लिहून ठेवावे, एवढे काम तर कोणासही करता येईल.

आणि मुलांकडून एक लहानशी सवय मागावी. प्रकल्पाच्या शेवटी त्यांनी तीन ओळी लिहाव्यात: हे मला कोणी सांगितले, त्याला ते कसे ठाऊक, आणि यांतले मला अजून काय ठाऊक नाही. खाली आपली सही करावी. उत्तर चुकले तरी चालेल. चूक खोडता येते. परंतु सहीवाचून आणलेले उत्तर बरोबर असले तरी ते त्या मुलाचे झाले नाही.

भीमपूरच्या त्या वहीत शेवटच्या पानावर खोडलेली एक ओळ आहे, आणि तिच्या खाली आजोबांनी पाहिलेल्या पावलांविषयीची दुसरी. आम्ही तिच्याखाली मुलीला नाव लिहावयास सांगितले. तिने ते मराठीत लिहिले, मग थोडा विचार करून शेजारी तेलुगूतही लिहिले, आणि वही शिक्षकांच्या हाती दिली.